आई-वडील गेल्यावर नोकरीही नकोशी होते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचं वय ४३. वडील तीन वर्षांपूर्वी गेले, आई अकरा महिन्यांपूर्वी. आईची शेवटची दोन वर्षं अंथरुणात गेली आणि नोकरी सांभाळून तिचं सगळं यांनीच केलं. नोकरी हिशेब तपासणीची, कितीतरी वर्षं तीच, पगार ठीक. आता कामाला बसलं की वाटतं, हे कशासाठी चाललंय? सकाळी उठवत नाही. पुढे ते लिहितात : "झोपेतून जाग आलीच नाही तर बरं, असंही कधी कधी मनात येतं. सगळ्यांचेच आई-वडील जातात, मग मलाच का सावरता येत नाही? नोकरी सोडली तर बरं वाटेल का?"

जाग न येण्याचं वाक्य आधी घेतो. माणसं ते बहुधा मधेच कुठेतरी ओझरतं लिहितात आणि वाचणारेही त्यावरून पुढे जातात. जगणं नकोसं वाटणं आणि जीव द्यायचं मनात घेणं यांत अंतर आहे. जवळचं माणूस गेल्यावर पहिली गोष्ट पुष्कळांना वाटते, 'मीही त्यांच्याकडे जावं' असंही वाटतं. पण हे अंतर एखाद्या वाईट रात्रीत कापलं जाऊ शकतं. म्हणून सरळ विचारतो. कसं मरायचं याचा विचार मनात आला आहे का? त्यासाठी काही जमवून ठेवलं आहे का? असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट झालं आहे. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर पुढचं नंतर वाचा. आत्ता भावंडाला, मित्राला, शेजाऱ्याला, कुणालाही बोलवा आणि हेच शब्द वापरून सांगा. जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. आजची रात्र एकट्याने काढू नका. आणि उत्तर 'नाही' असलं तरी एक काम या आठवड्यात कराच : आईच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या, विशेषतः झोपेच्या आणि वेदनेच्या, घराबाहेर काढा. औषधाच्या दुकानात विचारा, त्यांची विल्हेवाट कशी लावायची ते सांगतील. तो विचार तीव्र झाला तरी बहुतेकांच्या बाबतीत काही वेळाने ओसरतो. तेवढ्या वेळात हाताशी साधन नसणं यानेच कित्येक जीव वाचले आहेत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या लिहिण्यात शोक, नैराश्य आणि नोकरीचा वीट एकमेकांत इतके गुंतले आहेत की तुम्हाला ते एकच दुखणं वाटतंय, आणि त्या दुखण्यावर हाताशी असलेला एकच इलाज म्हणून राजीनामा दिसतोय. माझं म्हणणं असं की या तिघांचा वेग वेगळा आहे आणि म्हणून त्यांना हात घालायचा क्रमही महत्त्वाचा आहे. नैराश्य असेल तर त्याला उपचारांनी काही आठवड्यांत उतार पडायला लागतो. शोकाला त्याचा वेळ लागतो, आणि तो पूर्ण संपावा अशी अपेक्षाही ठेवू नये. नोकरीचा निर्णय सगळ्यांत शेवटी घ्यायचा.

शेवटी का, तेही सांगतो. आई-वडील गेल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत 'कामात मन लागत नाही' एवढीच तक्रार घेऊन येणारी माणसं मी खूप पाहिली. ती मृत्यूबद्दल बोलत नाहीत, साहेबाबद्दल बोलतात. थोडं खोलात गेलं की कळतं, पहिला पगार आईच्या हातात ठेवला होता. बढतीचा पहिला फोन वडिलांना गेला होता. त्यांना त्या कामातलं काही कळत नसेल, पण ते केल्याचं कौतुक त्यांच्याकडे जमा होत होतं. तुमच्या बाबतीत तर याहून जास्त घडलंय. दोन वर्षं तुमच्या पगारातून आईची औषधं येत होती, तिला सांभाळणाऱ्या बाईचे पैसे जात होते. त्या काळात काम कंटाळवाणं असलं तरी 'कशासाठी' हा प्रश्न उभाच राहत नव्हता, कारण उत्तर घरात होतं. आता उत्तर गेलं आणि काम जसंच्या तसं उरलं. नोकरी मुळातच चुकीची होती की तिच्यामागचं कारण हरपल्यामुळे ती पोकळ वाटते आहे, हे आज तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही नाही. ते कळण्यासाठी आधी डोळ्यांवरचं सावट कमी व्हायला हवं.

हे सावट शोकाचं की नैराश्याचं, हे ओळखायच्या काही खुणा आहेत. शोक उमाळ्याने येतो. तारीख, वास, गाणं, कुणाची तरी हाक, असं काहीतरी होतं आणि माणूस कोसळतो, पण मधल्या काळात तो हसतो, खातो, एखाद्या गप्पेत रमतो. दुःख गेलेल्या माणसाभोवती असतं. नैराश्य सगळ्या दिवसावर सारखं पसरतं. चांगली बातमी आली तरी आत काही हलत नाही. आणि त्यात स्वतःबद्दलची किंमत घसरते : मी निरुपयोगी, मी ओझं, माझंच चुकलं. दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. पूर्वी निदानाच्या अमेरिकन नियमावलीत माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत नैराश्याचं निदान शक्यतो करू नये असा संकेत होता. २०१३ मध्ये तो काढून टाकला, कारण 'दुःखात आहे, साहजिकच आहे' म्हणत खरोखर आजारी असलेल्या माणसांचे उपचार लांबत होते.

तुम्ही स्वतःशी ताडून पाहा. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटतंय का, किंवा कशातच रस उरलेला नाही का? जोडीला झोप आणि भूक बिघडणं, विनाकारण थकवा, हालचाल मंदावणं किंवा चैन न पडणं, लक्ष न लागणं, अपराधी वाटणं, मरणाचे विचार, यांतलं काय काय आहे? अशा एकूण नऊ लक्षणांपैकी पाच असतील आणि त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक असेल तर डॉक्टर नैराश्याच्या आजाराचा विचार करतात. सकाळी न उठवणं, कशात अर्थ न वाटणं, जाग येऊ नये असं वाटणं, हे तुमच्या चार ओळींतच आलं आहे. म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, राजीनाम्याचं नंतर पाहू. त्याच फेरीत रक्ताच्या साध्या तपासण्याही करून घ्या : थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर. थायरॉइड मंदावला की माणूस हुबेहूब नैराश्यात असल्यासारखा दिसू शकतो. शिवाय आजारी माणसाची सेवा करणाऱ्याने स्वतःच्या तब्येतीकडे दोन-दोन वर्षं पाहिलेलं नसतं.

गोळ्यांची भीती वाटत असेल तर एवढं माहीत असू द्या. नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांची सवय झोपेच्या गोळ्यांसारखी लागत नाही, पण ती मनाने एकदम बंद करायची नसतात. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता वाढली म्हणून पुष्कळ जण नेमकी तेव्हाच सोडून देतात. सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढले तर मात्र पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना लगेच कळवायचं. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवावं लागतं. आजार सौम्य असेल तर औषधाशिवाय नुसत्या बोलण्याच्या उपचारांनीही भागतं, ते तज्ज्ञ तुमच्याशी बोलून ठरवतील.

एक उपाय मात्र डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतही सुरू करता येतो. उत्साह आला की करू, असं म्हणत माणूस बसून राहतो. पण नैराश्यात उत्साह कृतीच्या आधी येत नाही, मागून येतो, आणि तोही उशिरा. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या एका मोठ्या उपचारपद्धतीचे भाग सुटे करून तपासले. विचार बदलायला शिकवणारा भाग वगळून, दिवसात ठरवून छोट्या कृती भरण्याचा भाग तेवढा दिला, तरी परिणाम जवळपास सारखाच आला. मी ते असं करायला सांगतो : उठायची वेळ एक ठरवा आणि झोप लागली असो वा नसो, त्याच वेळेला पाय जमिनीवर टेका. पहिल्या तासात उजेडात बाहेर पडा, चालणं पंधरा मिनिटांचं असलं तरी चालेल. दिवसात एक काम हातून पूर्ण होईल असं निवडा आणि एक गोष्ट पूर्वी आवडायची ती निवडा. आवडेल अशी अपेक्षा ठेवू नका, फक्त करा, आणि रात्री वहीत दहापैकी किती बरं वाटलं तो आकडा लिहा. दोन आठवड्यांनी वही उघडली की कुठल्या दिवशी आकडा एकावरून तीनवर गेला ते दिसतं. त्या दिवशी काय केलं होतं ते पाहायचं आणि तिथून पुढचा आठवडा आखायचा.

आता शोकाबद्दल, आणि यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे. चाळिशीतल्या माणसाचे आई-वडील जातात तेव्हा त्याच्या दुःखाला फारशी जागा मिळत नाही. "वय झालं होतं", "सुटली बिचारी", "दोघांचं सगळं तुमच्या हातून झालं, आणखी काय हवं." बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याला कळून चुकतं की आता रडणं शोभत नाही, आणि तो गप्प होतो. तुम्ही स्वतःलाच 'सगळ्यांचेच जातात' म्हणून बजावताय, ते बोलणं बाहेरूनच आत आलेलं आहे. सगळ्यांचे जातात हे खरं, पण तुमचे एकदाच गेले. तुमचं लहानपण पाहिलेली दोन माणसं गेली. तुम्ही सहा वर्षांचे असताना कशाला घाबरायचात हे माहीत असणारं आता कुणी नाही. वडील गेले तेव्हा मुलगा म्हणून उभं राहायला आई होती. तिला सांभाळायचं होतं, म्हणून वडिलांसाठी कदाचित नीट रडूनही झालं नसेल. तसं असेल तर या अकरा महिन्यांत तुम्ही दोघांचा शोक एकदम करताय.

त्यात तुम्ही सेवा केलीत. दीर्घ आजारपणात सेवा करणाऱ्याचं आयुष्य घड्याळाला बांधलेलं असतं : औषधाची वेळ, कूस बदलायची वेळ, रात्रीची हाक. माणूस जातं त्या दिवशी आईही जाते आणि दिवसाला धरून ठेवणारी चौकटही जाते. मध्यरात्री अजूनही जाग येत असेल तर त्यात नवल नाही, शरीर हाक यायची वाट पाहतंय. आणि बहुतेक सेवेकऱ्यांना एक क्षण छळतो, तो म्हणजे सुटल्यासारखं वाटलेला क्षण. कुणाला सांगता येत नाही म्हणून तो आत सडतो. मी इतकंच सांगेन की दोन वर्षं अपुऱ्या झोपेवर काढलेल्या शरीराला सुटल्यासारखं वाटणारच, त्याचा प्रेमाशी काही संबंध नाही. तसंच 'तेव्हा दवाखान्यात आधी नेलं असतं तर' याचंही. त्या रात्री तुम्हाला जे माहीत होतं त्यावर तुम्ही निर्णय घेतलात. आज स्वतःला दोष देताना तुम्ही नंतर कळलेली माहिती वापरताय. ही शंका अजिबात सोडत नसेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एकदा भेटून सरळ विचारा. पुष्कळदा उत्तर मनातल्या आरोपापेक्षा कितीतरी सौम्य निघतं.

शोकाचे पाच टप्पे असतात हे तुमच्याही कानावर आलं असेल : नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. ही मांडणी एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये केली, आणि ती स्वतःच्या मृत्यूला सामोरं जाणाऱ्या रुग्णांशी बोलून केली होती. मागे राहिलेल्यांना ती नंतर लागू केली गेली. प्रत्यक्षात माणसं या क्रमाने जात नाहीत. 'मी अजून तिसऱ्यावरच अडकलोय' अशी नवी काळजी मात्र लोकांना लागते, ती सोडून द्या. मला कामाची वाटते ती मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक स्खुट यांनी १९९९ मध्ये मांडलेली कल्पना. त्यांच्या मते सावरणारा माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतो. एका बाजूला गेलेल्याची आठवण, रडणं, फोटो पाहत बसणं. दुसऱ्या बाजूला बँकेची कामं, नवं वेळापत्रक, मित्रांबरोबर हसणं. दोन्ही लागतात. कायम पहिल्या बाजूला राहणारा बुडतो. कायम दुसऱ्या बाजूला पळणारा काही काळाने, भलत्याच निमित्ताने कोसळतो. म्हणून ठरवून दोन्हींना जागा द्या. आठवड्यातून एक तास दोघांसाठी ठेवा. त्या तासात आईचं कपाट उघडा, एखादा खण आवरा, किंवा त्यांना पत्र लिहा आणि रागही लिहा. वडिलांवर असलेला राग ते गेल्यावर आपोआप मिटत नाही. तास संपला की बाहेर पडा आणि कुणाला तरी भेटा. हे भेटणं आधीच ठरवून ठेवलेलं असावं.

त्यांना 'सोडून द्या' असं मी म्हणत नाही. मृताशी नातं तोडल्याशिवाय माणूस पुढे जात नाही, असं मानसशास्त्रात बराच काळ मानलं जात होतं. १९९०च्या दशकापासून ती समजूत मागे पडली. बहुतेक माणसं नातं टिकवतात, फक्त त्याचं रूप बदलतात. अडचणीत 'बाबा काय म्हणाले असते' असं मनात विचारणं हे आजाराचं लक्षण नाही.

शोक अडकलाय हे कधी म्हणायचं? तीव्र ओढ किंवा त्या माणसाचाच विचार जवळजवळ रोज, मृत्यू खरा न वाटणं, स्वतःचा एक भाग गेल्यासारखं वाटणं, आणि त्यामुळे रोजचं जगणं ठप्प होणं, हे लांबत गेलं तर त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा आहे, अमेरिकन नियमावलीत २०२२ पासून प्रौढांसाठी बारा महिन्यांची. अकरा महिन्यांवर तुम्ही या दोहोंच्या मधे आहात, म्हणून तज्ज्ञांकडे जाल तेव्हा हा प्रश्न आवर्जून काढा. त्याचे उपचार वेगळे आहेत. कॅथरीन शिअर यांनी त्यासाठी साधारण सोळा सत्रांची पद्धत बसवली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असं दिसलं की शोक हलला तो या सत्रांनी. नैराश्याची गोळी जोडल्याने नैराश्याची लक्षणं आणखी कमी झाली, शोकावर मात्र तिचा वेगळा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे नुसती गोळी घेऊन आईची आठवण बोथट होईल असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका.

राहिली नोकरी. ती तुम्हाला काय देते याची यादी करायला बसलात तर बहुधा पगारावरच थांबाल. १९३०च्या सुमारास व्हिएन्नाजवळच्या मारिएंथाल गावातला कापडाचा कारखाना बंद पडला आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन पाहणी केली. हाती वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्यात रेंगाळत, आणि दिवसभरात काय केलं हे त्यांना सांगता येत नसे. याहोदांनी पुढे मांडलं की काम पैशाशिवायही काही देतं : दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, आपण कुठल्यातरी सामायिक खटाटोपात आहोत ही जाणीव, ओळख आणि सक्तीची हालचाल. तुमच्या दिवसाचा एक आकार आईबरोबर गेलाच आहे. उरलेला दुसराही आत्ताच आपल्या हाताने काढून टाकला तर रिकामं घर आणि तुम्ही एवढंच उरेल, आणि नैराश्याला नेमकं तेच मानवतं. म्हणून आत्ता सोडू नका असं मी ठामपणे सांगतो. रजा मात्र घ्या. ती वैद्यकीय असेल तर प्रमाणपत्र मागायला संकोचू नका, आणि रजेत काय करणार ते वर सांगितल्यासारखं आधी लिहून ठेवा. या सल्ल्याला अपवाद एकच. कामाच्या जागी छळ होत असेल, अपमान होत असेल, बेकायदेशीर काही करायला लावत असतील, तर शोक असो नसो, तिथून बाहेर पडायची तयारी आजच सुरू करायची.

थांबण्याच्या काळात काम आहे तसंच सोसत राहायचं असंही नाही. एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांशी बोलून एक गोष्ट दाखवली. नेमून दिलेलं काम सारखं असूनही काही जण ते फरशी पुसण्यापुरतं करत, तर काही जण रुग्णाची चौकशी करत, नातेवाइकाला वाट दाखवत आणि स्वतःला रुग्णाला बरं करणाऱ्यांतलं एक मानत. पद तेच, पगार तोच. तुमच्या कामात हा भाग कुठे आहे ते शोधा. हिशेब तपासताना एखाद्या नव्या मुलाला शिकवायला मिळतंय का? ज्या ग्राहकाची चूक वेळेवर पकडल्याने त्याचं नुकसान टळलं त्याला प्रत्यक्ष भेटता येईल का? कामाचा एखादा प्रकार बदलून मागता येईल का? कधी कधी काहीच सापडत नाही, आणि तेही कळलेलं चांगलं असतं. प्रत्येकाने पोटापाण्याच्या कामातच जीवनाचा अर्थ शोधावा असं मला वाटत नाही. नोकरी पाचला संपते, घर चालवते आणि माणूस सहाला आपल्या आवडीच्या गोष्टीकडे वळतो, हेही चांगलं आयुष्य आहे.

निर्णयाची वेळ आली हे कसं ओळखायचं? झोप बऱ्यापैकी सुधारलेली असेल. वहीतला आकडा निदान दोन महिने पाच-सहाच्या आसपास टिकून असेल. आईची आठवण येऊनही दिवस चालू राहत असेल. तेव्हा सुट्टीचे चार दिवस मजेत घालवून कामावर परतताना पुन्हा तसंच पोटात कालवत असेल, तर मात्र दोष नोकरीचा आहे असं धरून चाला. दुसऱ्या क्षेत्रातलं एखादं छोटं काम सुट्टीच्या दिवशी करून पाहा, त्यात असलेल्या दोन माणसांना त्यांचा साधा मंगळवार कसा जातो ते विचारा. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला आणि दुसरं काम हातात आलं की मग राजीनामा द्या. त्याआधी, या आठवड्यात, मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या आणि आईच्या गोळ्यांची ती पिशवी घराबाहेर काढा. डॉक्टरांसमोर बसल्यावर धीर झाला नाही तर इथे लिहिलेला तुमचाच मजकूर त्यांच्यापुढे ठेवा, जाग न येण्याच्या वाक्यासकट.